तीळ एक, व्रण एक

पेन्सिलबाईंच्या सुनेला गुन्ह्याशिवाय स्वयंपाक जमत नसे. सून स्वतः इतकी साधी, की पाल दिसली तरी नवऱ्याला हाक मारायची आणि वर "मारू नकोस हं, नुसती घालव" असं बजावायची. पण भाजी चिरायला घेतली की ओट्यावर फोन उभा राहायचा आणि त्यातून कुणीतरी घोगऱ्या आवाजात सांगू लागायचं, की त्या सकाळी शेजाऱ्यांना दार सताड उघडं दिसलं. गाजरं चिरून होईपर्यंत प्रेत सापडायचं, पीठ मळून होईपर्यंत संशय मेहुण्यावर जायचा आणि भांडी विसळून होईपर्यंत निकाल लागायचा. पेन्सिलबाईंचा मुलगा जेवताना म्हणायचा, "आज मीठ दोनदा पडलंय. खुनी सापडला नाही वाटतं."

रचलेल्या गोष्टी तिला चालत नसत. खरंच घडलेलं पाहिजे, तारीखवार पाहिजे, आणि शक्यतो सगळे पुरावे हाती आलेले नसले पाहिजेत. दर रविवारी दुपारी चारला तिचं मंडळ जेवणाच्या टेबलाभोवती जमायचं. औषधांचं दुकान मुलाकडे सोपवून मोकळे झालेले एक काका होते. ट्रकखाली सापडलेल्या माणसालाही आधी विष दिलं असणार असं त्यांचं ठाम मत असायचं. एक निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांना सगळं वहीत लिहून लागायचं. खालच्या मजल्यावरची शेजारीण केकसाठी यायची आणि तसं सांगायचीही.

या मंडळींत प्रत्येकाचा कुठल्या ना कुठल्या गुन्ह्याशी संबंध होता, आणि नसला तर ओढूनताणून आणलेला होता. काकांनी एका दरोडेखोराच्या मावशीला खोकल्याचं औषध विकलं होतं. शिक्षिकाबाईंच्या वर्गातला एक मुलगा पुढे नकली नोटांत सापडला. "चित्रकला चांगलीच होती त्याची," हे त्या दर महिन्याला सांगायच्या. शेजारणीच्या चुलतदिराने एक खून जवळजवळ पाहिला होता, म्हणजे तो तिथून निघाला आणि मग झाला. सुनेकडेच काही नव्हतं. "माझं मेलं सगळं आयुष्यच निर्दोष," असं ती म्हणायची, आणि तिला ते खरंच लागायचं.

पेन्सिलबाई या मंडळात बसत नसत. चहाचं भांडं आणून ठेवायचं आणि आपल्या खिडकीशी जाऊन बसायचं. त्यांचं नाव काहीतरी दुसरंच होतं, पण ते आता फक्त दवाखान्याच्या कागदांवर उरलं होतं. एकतीस वर्षं त्यांनी एका फोटो स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिल चालवली होती. लोकांच्या चेहऱ्यांवरचे फोड, तीळ, सुरकुत्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं काढून टाकायची, हे काम. हाताला लागलेलं ते वळण डोळ्यांतून अजून गेलं नव्हतं. कुणी समोर येऊन बसलं की त्यांची नजर आपसूक त्याच्या चेहऱ्यावरून फिरायची आणि मनात हिशेब व्हायचा, की कपाळावरच्या दोन रेघा काढायच्या, हनुवटीवर थोडी सावली कमी करायची. सुनेला पहिल्यांदा पाहायला गेल्या तेव्हा तिच्या भुवईजवळची खूण त्यांनी मनातल्या मनात काढली आणि मग परत लावली. तशीच बरी दिसत होती.

त्या गुरुवारी सून वांगी चिरत होती आणि फोनमध्ये सात लग्नांच्या नवऱ्याची हकीकत चालू होती. पेन्सिलबाई पलीकडे लसूण सोलत होत्या. त्या नवऱ्याचं नाव ऐकताच त्यांचा हात थांबला.

हकीकत जुनी, एक्केचाळीस वर्षांपूर्वीची. एक गोडबोल्या माणूस वर्तमानपत्रातल्या जाहिराती बघून स्थळांना आपला फोटो पाठवायचा. फोटो असा देखणा, की मुलीकडचे पुढची चौकशीच विसरायचे. लग्न करायचा, दोनतीन महिने सुखात राहायचा आणि एके दिवशी दागिन्यांची पेटी घेऊन पसार व्हायचा. अशी सहा लग्नं झाल्यावर पोलीस जागे झाले. गावोगावच्या भिंतींवर त्याचा फोटो लागला. तरीही तो अकरा महिने उजळ माथ्याने फिरला, आणि त्या अकरा महिन्यांत त्याने सातवं लग्न केलं. शेवटी त्याच्या तिसऱ्या बायकोने त्याला बसस्टँडवर ओळखलं आणि सगळ्या लोकांदेखत त्याची कॉलर धरली.

"आणि आता प्रश्न असा," फोनमधला माणूस म्हणाला, "की फोटो भिंतीभिंतीवर असताना त्याला कुणी ओळखलं कसं नाही? उत्तर त्याच्या गालावर होतं. डोळ्यापासून ओठापर्यंत खोल व्रण! फोटोत नसलेला! चेहरा बदलायला त्याने स्वतःचा गाल कापून घेतला होता, हे त्याने कोर्टात छाती ठोकून सांगितलं. तेव्हा त्याच्या घरात कोण होतं? सातवी. पोस्टाच्या खिडकीत बसणारी, शिकलेली बाई. पोलिसांचं पत्रक तिने स्वतःच्या हातांनी पोस्टाच्या भिंतीवर लावलं होतं. मग सांगा, त्या गालावर पट्टी बांधणारा हात कोणाचा?"

"तिचाच!" सून वांग्यावर सुरी आपटून म्हणाली. "आतून सामील होती, दुसरं काय? आई, तुम्हाला सांगते, येत्या रविवारी मी हे तिच्या तोंडावर विचारणार आहे."

"कोणाच्या तोंडावर?"

"सातवीच्या! अहो, ती जिवंत आहे. शिक्षिकाबाईंची मैत्रीण त्याच पोस्टात होती, तिने ओळख काढून दिली. आपल्याकडे चहाला यायला कबूल झालीय. आपल्या घरात, आई! माझ्या टेबलाशी!"

पेन्सिलबाईंनी सोललेला लसूण सालांत टाकला आणि सालं वाटीत ठेवली. "डोकं जड झालंय," म्हणाल्या आणि आपल्या खोलीत जाऊन बसल्या.

तो व्रण कधी झाला हे त्यांना माहीत नव्हतं, पण कधी गेला हे नेमकं माहीत होतं. तो त्यांनीच काढला होता.

तेव्हा त्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या आणि स्टुडिओतली नोकरी नवी होती. पडद्यामागे त्यांचं उतरतं टेबल, टेबलात बसवलेली काच, काचेखाली आरसा. खिडकीतला उजेड आरशावर पडून काचेतून वर यायचा, त्यावर निगेटिव्ह ठेवायची आणि भिंगातून बघायचं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. चेहऱ्यावर जे काळं ते तिथे पारदर्शक. त्या पारदर्शक ठिपक्यावर चिकट औषध लावायचं, काचकागदावर सुईसारखी टोकदार केलेली पेन्सिल घ्यायची आणि श्वास रोखून ठिपका भरायचा. छापलं की तीळ गेलेला असतो.

पण एकदा एका गिऱ्हाइकाने भांडण काढलं होतं, की माझ्या बायकोचा तीळ कुठाय, मला तीळ परत पाहिजे. तेव्हापासून मालकांनी नियम केला. काय काय काढलं ते निगेटिव्हच्या पाकिटावर तारखेसकट लिहायचं, म्हणजे मागितलं तर टर्पेंटाइनने पेन्सिल पुसून परत देता येतं. पेन्सिलबाई हे काटेकोर पाळायच्या.

त्या माणसाचा चेहरा त्यांना नीट आठवतही नव्हता. चेहरे त्यांना कधीच आठवत नसत, काम आठवे. आणि ते काम आयुष्यातलं पहिलं मोठं काम होतं. बोटभर लांबीचा व्रण होता, घळीसारखा खोल. दोन दिवस लागले. मालकांनी छापलेला फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही याला राजपुत्र केलात." त्या संध्याकाळी त्या तरंगत घरी गेल्या होत्या.

दीड वर्षाने एक फौजदार तोच फोटो घेऊन आला. फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का होता. त्याला मोठ्या प्रती पाहिजे होत्या. पडद्यामागे बसून पेन्सिलबाईंनी त्याचं बोलणं शब्दन् शब्द ऐकलं.

"सहा बायका," तो मालकांना सांगत होता, "आणि सहाही जणी म्हणतात गालावर व्रण आहे, नाकाशी तीळ आहे. तुम्हीच बघा, कुठाय व्रण? रडून रडून डोळे गेलेत त्यांचे. फोटो थोडाच खोटं बोलतो!"

आणि पत्रकावर त्याने ठळक अक्षरांत छापून घेतलं: चेहऱ्यावर कसलीही खूण नाही.

तो गेल्यावर त्या मालकांकडे गेल्या. "अहो, व्रण आहे. मी भरलाय तो. त्यांना सांगायला हवं."

मालक दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "पोलिसांनी प्रती मागितल्यात, अक्कल नाही मागितली. उद्या पेपरात येईल की या स्टुडिओने चोराला लपवलं. मग कोण येईल इथे फोटो काढायला? तुम्ही मी दोघं घरी बसू."

पेन्सिलबाई मूग गिळून गप्प बसल्या. रोज जातायेता त्यांना भिंतीवर आपलं काम दिसायचं, एक ठिपका कुठे चुकलेला नाही असं. त्यांनी रस्ता बदलला. अकरा महिन्यांनी तो पकडला गेल्याचं वाचलं तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला. व्रण त्याने स्वतः करून घेतला असंही पेपरात होतं. फुशारकी मारतोय मेला, एवढंच त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी तो पेपर रद्दीत टाकला. सातवी म्हणून कुणी होती हे त्यांनी वाचलं होतं. ती पत्रकावरच्या त्या एका ओळीखाली एक्केचाळीस वर्षं भरडली जात असेल, हा विचार त्यांना शिवलाही नव्हता. पट्टीची गोष्ट त्यांनी आजच ऐकली होती, लसूण सोलता सोलता.

स्टुडिओ बंद झाला तेव्हा जुन्या निगेटिव्हचे दोन डबे त्यांनी घरी आणले होते. शुक्रवारी सून कामाला गेल्यावर त्यांनी स्टूल ओढलं, वयाला शोभणार नाही अशा रीतीने त्यावर चढल्या आणि कपाटावरचा डबा काढला. पाकीट सापडायला पाऊण तास लागला. तारीख होती, स्टुडिओचा शिक्का होता, आणि त्यांच्याच तेव्हाच्या गोल अक्षरात लिहिलेलं होतं: तीळ एक, नाकाशेजारी. व्रण एक, डावा गाल, डोळ्यापासून ओठापर्यंत.

त्या पलंगावर पाकीट मांडीत घेऊन बसल्या. फाडून टाकलं तर कुणाला कळणार होतं? मालक केव्हाच गेले, स्टुडिओच्या जागी मोबाइलचं दुकान आलं. सून त्यांना मानायची. 'आमच्या आईंचा हात म्हणजे देवाघरचा' असं चारचौघांत सांगायची. तिला काय वाटेल? आणि ती पोस्टातली बाई तोंडावर थुंकली तर तिचं काय चुकलं? पेन्सिलबाईंना रडू आलं. आपण भित्र्या आहोत हे त्यांना तरुणपणीच कळलं होतं, पण म्हातारपणीही तितक्याच भित्र्या आहोत हे आज कळलं आणि त्याचा त्यांना भयंकर राग आला.

शनिवारी त्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन टर्पेंटाइनची छोटी बाटली घेऊन आल्या. आणली म्हणजे वापरायलाच पाहिजे असं काही नाही, असं त्यांनी वाटभर स्वतःला समजावलं.

रविवारी मंडळ साडेतीनलाच हजर झालं. शेजारणीने नवा ड्रेस घातला होता. काकांनी दाढी केली होती. सुनेने प्रश्न कागदावर लिहून काढले होते आणि बाथरूममध्ये जाऊन दोनदा मोठ्याने म्हणून पाहिले होते.

चारच्या ठोक्याला बेल वाजली. सातवी आली ती एकदम टापटीप. ठेंगणी, गोल, चष्मा गळ्यातल्या दोरीला अडकवलेला. आल्या आल्या तिने चपला जोडीने भिंतीला लावल्या. बसल्यावर बशीतली बिस्किटं सारखी करून ठेवली, काठाला काठ लावून. पोस्टात तेहतीस वर्षं गठ्ठे लावण्यात गेली होती तिची.

"आलात, फार बरं वाटलं," सून म्हणाली. प्रत्यक्ष माणूस समोर बसल्यावर तिचा आवाज जरा पातळ झाला होता.

"मी कुठे जात नाही हो," सातवी म्हणाली. "पण म्हटलं, लोक पाठीमागे काय बोलतात ते घरात बसून ऐकण्यापेक्षा समोर बसून ऐकावं. चहाही मिळतो." तिने सगळ्यांकडे एक नजर फिरवली. "विचारा. पट्टीचंच विचारायचं असेल."

सुनेने कागद हातात घेतला, त्याची घडी केली आणि परत उघडली. काकांनी खालच्या आवाजात "विचारा, विचारा" केलं. ती म्हणाली, "म्हणजे... गाल त्याने कापला, तेव्हा तुम्ही..."

"हा प्रश्न मला पहिल्यांदा माझ्या भावाने विचारला," सातवी म्हणाली. आवाज शांत होता, पाठ असलेलं सांगावं तसा. "मी म्हटलं, अरे, व्रण पहिल्यापासून होता. मला त्याने फोटोबिटो काही पाठवला नव्हता, भेटला तोच व्रणासकट. लहानपणी सायकलवरून काचेवर पडलो, असं सांगितलं होतं मला. आधीच्या सहा जणीही हेच सांगत होत्या, पण फोटोपुढे त्यांचं कोण मानतो? तर त्याने पत्रक पुढे टाकलं. 'वाच,' म्हणाला. 'चेहऱ्यावर कसलीही खूण नाही. आणि हे तूच चिकटवलंस ना, तुझ्याच खिडकीसमोर?' मीच चिकटवलं होतं. चार महिने रोज आठ तास मी त्या फोटोकडे तोंड करून बसत होते, आणि संध्याकाळी घरी जाऊन त्याच्यासमोर जेवत होते. खात्याच्या चौकशीत हेच विचारलं. नोकरी राहिली, पण लोक तिकिटाच्या निमित्ताने मला बघायला यायचे. वडील गेले ते माझ्याशी न बोलता. भाऊ बोलतो. वाढदिवसाला फोन करतो. पण मी सामील होते, असं त्याला अजून वाटतं." तिने एक बिस्कीट उचललं आणि परत ठेवलं. "कधीकधी मलाच वाटतं हो, की मी आंधळी होते का? की मला बघायचंच नव्हतं?"

शिक्षिकाबाईंचं लिहिणं थांबलं होतं. सुनेने कागद टेबलाखाली नेला होता.

"तुम्ही आंधळ्या नव्हतात," खिडकीकडून आवाज आला. पेन्सिलबाई खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या होत्या. "व्रण पहिल्यापासून होता. फोटोतून तो मी घालवला."

"आई?" सून म्हणाली.

"पेन्सिलीने. दोन दिवस लागले. आणि पोलीस प्रती न्यायला आले तेव्हा मी पडद्यामागे होते. मला माहीत होतं. मी बोलले नाही."

त्यांनी पाकीट आणून सातवीच्या पुढ्यात ठेवलं. सातवीने चष्मा चढवला. आधी शिक्का पाहिला, मग तारीख पाहिली, बोट ठेवून; आयुष्यभर शिक्के आणि तारखाच पाहिल्या होत्या तिने. "हे पहिल्या लग्नाच्याही आधीचं आहे," ती म्हणाली. मग खालची ओळ वाचली. पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"लिहिलेलं कुणीही लिहील," काका पुटपुटले. सुनेने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते बशीतला केक न्याहाळू लागले.

"लिहिलेलं नका मानू," पेन्सिलबाई म्हणाल्या. "दाखवते." आणि सुनेकडे वळून, "तुझ्या त्या फोनमध्ये काळ्याचं पांढरं करता येतं ना?"

येत होतं. सुनेने निगेटिव्ह खिडकीच्या काचेला लावून फोटो घेतला, बोटाने काहीतरी केलं आणि पडद्यावर तो आला, राजपुत्र, गुळगुळीत गालांचा, भिंतीभिंतीवरचा. सातवीने क्षणभर डोळे मिटून घेतले.

मग पेन्सिलबाईंनी टेबलावर पांढरा कागद पसरला, त्यावर निगेटिव्ह ठेवली, कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवून पिळला आणि गालावरून आणि नाकाशेजारून फिरवायला सुरुवात केली. कामाला लागला की त्यांचा हात कधीच चुकत नसे. कापसावर करडा डाग उतरला. दुसरा बोळा घेतला, तिसरा घेतला. आयुष्यातलं सगळ्यात सुबक काम त्या स्वतःच्या हाताने पुसत होत्या, आणि खरं सांगायचं तर आत कुठेतरी थोडं दुखतही होतं. चौथा बोळा स्वच्छ आला तेव्हा त्या बाजूला झाल्या.

सुनेने परत काचेला लावून फोटो घेतला, परत बोट फिरवलं. पडद्यावर एक माणूस आला. नाकाशेजारी मिरीएवढा तीळ, आणि डाव्या गालावर डोळ्यापासून ओठापर्यंत खोल घळ. कुणीही दुरून ओळखावा असा.

सातवीने फोन दोन्ही हातांत धरला.

"हा," ती म्हणाली. "हा होता माझा नवरा. दाढी करताना या घळीत पातं पोचायचं नाही, तिथे दोनचार केस राहायचे. मी हसायचे त्याला." मग मान वर केली. "हा फोटो भिंतीवर असता तर मी चिकटवता चिकटवताच ओरडले असते."

"हो," पेन्सिलबाई म्हणाल्या.

"एक्केचाळीस वर्षं तुम्ही होतात कुठे?" आता तिचा आवाज चढला, आणि चढायलाच हवा होता. "मी पोस्टात रोज सापडत होते. नऊ ते पाच. एक पत्र टाकायला काय झालं होतं?"

"घाबरले होते. नोकरी जाईल म्हणून. तो पकडला गेल्यावर वाटलं, संपलं सगळं. तुमच्यापर्यंत माझा विचारच पोचला नाही. कारण काही नाही दुसरं. चुकलं माझं."

पेन्सिलबाई मान खाली न घालता उभ्या राहिल्या, थुंकली तर थुंकू दे म्हणून. सातवीने त्यांच्याकडे पाहिलं, टेबलावरच्या करड्या बोळ्यांकडे पाहिलं. चष्मा काढून पदराने पुसला, डोळे पुसले, परत चष्मा पुसला.

"रागावले आहे मी," ती म्हणाली. "अजून थोडे दिवस रागावेन म्हणते."

"रागवा ना."

"पण बसा. उभ्या काय राहिलात? पडाल." आणि मग सुनेला, पोस्टाच्या खिडकीतल्या आवाजात, "हे दोन्ही फोटो आणि त्या पाकिटाचाही एक, माझ्या भावाला पाठवायचे. तारीख नीट दिसली पाहिजे. नंबर सांगते, घ्या."

सुनेने पाठवले. पाठवताना तिचं नाक लाल झालं होतं आणि ती अधूनमधून सासूकडे बघत होती. पेन्सिलबाईंनी तिची नजर चुकवली. तर ती उठली, त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर ठेवले. "मी जे विचारणार होते," ती सातवीला म्हणाली, "त्याचा कागद मी फाडलाय." आणि सासूच्या कानाशी वाकून म्हणाली, "एवढं मोठं घरात दडवून ठेवलंत, आणि मी मेली त्या खोकल्याच्या औषधाचा हेवा करत बसले." पेन्सिलबाईंना हसू आलं आणि त्याच्यामागोमाग रडूही.

त्यांनी डोळे पुसून समोर पाहिलं. सवयीने नजर सातवीच्या चेहऱ्यावरून फिरली. कपाळावर आठ्या होत्या, डोळ्यांखाली वर्तुळं होती, ओठांच्या कडेला रेघा होत्या. पेन्सिलबाईंनी एकही काढली नाही.

इतक्यात सातवीच्या पर्समध्ये फोन वाजू लागला. तिने काढून पाहिला आणि टेबलावर ठेवला. त्यावर 'भाऊ' असं नाव चमकत होतं. सगळं मंडळ पुढे वाकलं; शेजारीणसुद्धा केक विसरली. फोन वाजून थांबला, आणि लगेच पुन्हा वाजू लागला.

"उचला ना!" सून म्हणाली.

सातवीने आपला रिकामा कप पेन्सिलबाईंच्या पुढे सरकवला आणि एक बिस्कीट घेतलं.

"वाजू दे," ती म्हणाली. "एक्केचाळीस वर्षं मी थांबले. त्याने एक कप चहा होईपर्यंत थांबावं."